आमच्याकडचं अक्षर

रावेरच्या रोपवाटिकेत मी रोपं मोजते,
टिश्यूकल्चरची केळी, ट्रे मागून ट्रे.
सगळ्यांचं मूळ एक, दुखणंही एक;
एकाला करपा लागला
की शेजारच्याला विचारावं लागत नाही.

माणसाचं विचारावं लागतं.
लीलाधरचं क्रिएटिनिन सहा पूर्णांक आठ, मग नऊ.
बाबांचं कुणी मोजलंच नव्हतं.
ते सुजले तेव्हा माय म्हणाली,
आपल्यात सुजतातच पाय, बाप्पा.
आत्याचे सुजले होते. मोठ्या काकांचेही.
‘आपल्यात’ हा शब्द घरात होता
मिठाच्या बरणीसारखा,
रोज हाताशी, तळ कुणी न पाहिलेला.

जळगावला तडवी मॅडमनी अहवाल पसरला.
एका जनुकात एक अक्षर बदललंय.
भावात आहे, तुमच्यातही आहे.
म्हणजे काय होईल?
त्यांनी पेनाचं टोक रकान्यावर ठेवलं:
अर्थ अनिश्चित.

पश्चिम आफ्रिकेकडच्या रक्तात, त्या म्हणाल्या, असाच एक बदल आहे.
माशीतून येणाऱ्या आजारापासून वाचवतो,
आणि आई-बाप दोघांकडून आला
तर कधीकधी मूत्रपिंड मागून घेतो.
हे कळलं, कारण त्या माणसांची तपासणी झाली.
तुमचं अक्षर यादीत सापडत नाही.
यादी मोठी आहे हो, पण
तापीकाठची माणसं तिच्यात किती?
माझेही लोक नाहीत, म्हणाल्या.
त्या यावलच्या.
अहवालाची घडी उलटी पडली, पुन्हा उलगडली.

मी एक मूत्रपिंड द्यायला गेले होते.
दोन्ही घेऊन परत निघाले,
दोन्हींवर संशय.

एसटीत लीलाधर खिडकीशी.
बाहेर भुसावळ सोडल्यापासून केळीच केळी,
आणि त्याला केळं बंद, पोटॅशियममुळे.
पाणी दिवसाला पाऊण लिटर.
त्यानं एक घोट घेतला,
सावद्यापर्यंत तोंडात धरून ठेवला.

घरी येऊन मी फोन लावत बसले.
रविवारी या सगळे, रक्त द्यायला,
आपल्यात काय आहे ते एकदा लिहिलं जाऊ दे.
मोरेश्वर म्हणाला, येतो, चारचाकी घेऊन येतो.
आत्याची वैजंता गप्प राहिली बराच वेळ.
मग म्हणाली, माझ्या दोघी पोरींची
लग्नं व्हायचीत अजून.

फोन ठेवल्यावर आठवलं,
तिच्या पायांचं
मी विचारलंच नाही.