लॅडल

शनिवारी रात्री भास्करराव स्वतः आले.
चहा निम्मा ठेवला. म्हणाले,
"सत्त्वशील, उद्या उपदेश तुझ्याकडं न्हवं?
प्रीतीवर बोल. लोकांना बरं वाटतंय.
फौंड्रीतलं फौंड्रीत राहू दे."
जाताना माझ्या धाकट्याच्या हातात
पन्नासाची नोट.
ती मुठीत धरूनच तो झोपला.

शिरोलीत सव्वीस वर्षं मी वाळू ठोकतोय.
साचा माझा, भट्टी त्यांची.
चर्चच्या पंख्यांवरही त्यांचंच नाव,
पातं थांबलं की वाचता येतं.

बिरू चोवीस वर्षांचा.
लॅडलची पिन झिजली होती,
तीनदा मीच सांगितलं होतं,
चौथ्यांदा सांगायचं राहिलं.
कागदावर आलं: कामगार दारू प्यायलेला होता.
बिरू सुपारीसुद्धा खात नाही.
कागदाच्या तळाशी साक्षीदाराची सही.
माझी.

झोप लागली नाही. पहाटे गंगावेशीपर्यंत चालत गेलो.
म्हशी धारेला उभ्या, पेल्यात फेस,
तालमीकडं निघालेली पोरं.
एकानं हटकलं, "मामा, आज एवढ्या लवकर?"
मी देवाला म्हणालो, दुसरा कोणी बघ.
माझ्या तोंडाला खोट्या सहीचा वास येतोय.
आकाश काही फाटलं नाही.
एक म्हैस शेपूट हलवत राहिली.
पण हाताला जे सव्वीस वर्षं कळत होतं
ते तेव्हा डोक्याला कळलं:
रस लॅडलमध्ये उतरला की तो ओतावा लागतो.
साचा कच्चा आहे, हात थरथरतोय,
काही चालत नाही.
थांबलास तर गोठतो,
मग लॅडलच फोडावी लागते.

साडेनऊला उभा राहिलो.
चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
"मला प्रीतीवर बोलायला सांगितलंय," म्हणालो,
"तेच बोलतोय.
मी बिरूवर खोटी सही केली."
पुढचं सलग आठवत नाही.
पिनेचं बोललो. कागद कुणी लिहून आणला, ते बोललो.
घशात वाळू होती.
पेटीवाल्या मनोरमाबाईंचा हात सुरांवर पडला,
भलताच सूर, बराच वेळ.

भास्करराव उठले. त्यांच्यामागं तीन बाकं उठली.
विनोदिनीबाई, त्यांची बायको, बसून राहिल्या,
पदर तोंडाशी, नजर जमिनीला.
बाहेर भास्कररावांनी चप्पल पायात घातली,
परत काढली.
आत पन्नासाची नोट होती.
धाकटा केव्हा बाहेर गेला
मला दिसलं नव्हतं.

सोमवारी गेटवर वॉचमन माझ्याकडं न बघता म्हणाला,
"मामा, तुम्हाला आत सोडू नका म्हणून निरोप आलाय."
पत्र्याच्या फटीतून नारिंगी उजेड येत होता,
हीट चालू होती.
कुणीतरी दुसरा ओतत होता.
डबा घेऊन तिथंच उभा राहिलो.
गुडघे आत्ता कापायला लागले,
काल नाही.

मग केएमटीनं सीपीआरला.
बिरूची आई वऱ्हांड्यात, फरशीवर.
"बोललासा म्हणं चर्चात."
"उशिरानं बोललो, आक्का."
ती काहीच म्हणाली नाही.
चटईवर थोडी सरकली.
मी बसलो.

आत बिरू जागा होता.
पायावरची जाळी, माशा, सलाईन.
माझ्याकडं बघून त्यानं विचारलं,
"मामा, पिन बदलली का?"

मला माहीत नव्हतं.