वजाबाकी

लेसोथोच्या डोंगरात रात्रशाळा.
घोंगडी पांघरलेली मेंढपाळ पोरं,
एकच कंदील.

मोखेठी फळ्यापाशी उभा.
सत्तावन्नातून तीन गेले...
खडू मुठीत, मूठ घोंगडीत.
आधीच्या शाळेत सात उलटा काढला होता त्यानं;
ते हसू अजून कानातून निघत नाही.

म्पोलोकेंगबाई फळा पुसून टाकतात.
"काल मेंढरं आत घेताना
थबकलास. का रे?"

"फाटक्या कानाची नव्हती,"
तो ताडकन सांगतो,
"आणि तिची दोन कोकरं.
चोपन्नच आली."

बाई बोलत नाहीत काही.
वात जराशी वर करतात.

मूठ घोंगडीबाहेर येते.
पाच नीट उमटतो,
सात परत उलटा.

या वेळी सगळ्यांच्या आधी
हसतो तो
मोखेठीच.