बारा खोल्या

पहिला फोन आला तेव्हा वाटलं, कुणाला मुक्काम हवाय.
"जूनमध्ये खोल्या रिकाम्या आहेत का?"
आहेत, म्हटलं. जूनमध्ये इथे वाऱ्याशिवाय कोण उतरतं?
पलीकडे एक सुस्कारा.
"म्हणजे अजून कुणी घेतल्या नाहीत," तो म्हणाला, आणि ठेवून दिला.

दुसरा बॅलरॅटचा दातांचा डॉक्टर.
तिसरी होबार्टची बाई, आवाज वाळल्या बिस्किटासारखा.
चौथ्याने आडपडदाच ठेवला नाही:
रिगवाली माणसं तुमच्याच मोटेलात उतरतात ना?
मागच्या खेपेला किती होते? न्याहारी किती वाजता मागायचे?

तेव्हा उलगडलं.
लिंडग्रेनच्या गव्हाच्या रानात, मेंढ्यांच्या पाणवठ्यापलीकडे,
चार किलोमीटर खोल एक वाळूचा खडक आहे,
त्यात वायू आहे, किंवा नाही.
किंडरी गॅस (पर्थमध्ये दोन टेबलं, कुंडीत एक झाड)
तिथे भोक पाडणार आहे, किंवा नाही.
निर्णय जूनअखेर.
तोवर एक सेंट चार. एक सेंट तीन. एक सेंट पाच.

कंपनी गप्प, म्हणून लोक फाटकं वाचतात.
लिंडग्रेनने बारा फुटांचं काढून अठरा फुटांचं बसवलं,
तर ते पाहायला एक जण सहाशे किलोमीटर गाडी हाकत आला,
फोटो काढला, माझ्याकडे अंडी-टोस्ट खाल्ले, गेला.
"अरे, माझं नवं कापणीयंत्र रुंद आहे," लिंडग्रेन ओरडत राहिला,
"आडात काही आहे का ते तर बघा,
पोहऱ्याचे भाव कसले करता!"
तोवर एक सेंट सात.

मर्व्ह ट्रिगवेल रोज चारला चहाला येतो.
एकतीस वर्षं धान्याच्या काट्यावर ट्रक मोजले,
दाण्याचा हिशेब कधी चुकला नाही.
बोट विकून त्याने अकरा लाख शेअर घेतले.
खडकाचा नकाशा टेबलावर पसरतो, कोपऱ्यांवर मिठाच्या बाटल्या,
आणि असा हळू बोलतो
जणू सुनेला दिवस गेलेत आणि शेजारी ऐकतील.

मेमध्ये एका बाईने बारा खोल्या घेतल्या.
बाराच्या बारा. चौदा रात्री. नऊ जूनपासून.
नाव एका संस्थेचं, नुसती आद्याक्षरं.
मी कुणाला काही बोलले नाही.
फक्त मर्व्ह बसला होता, आणि वही उघडी होती,
आणि मी दूध आणायला आत गेले.
दूध सापडायला जरा जास्तच वेळ लागला.

दोन सेंट. दोन सेंट सहा. तीन सेंट एक.
बॅलरॅटच्या डॉक्टरने मला चॉकलेटचा डबा पाठवला.
"विक ना आता," मी मर्व्हला म्हटलं.
तो हसला. "आता? आता तर रिग येतेय, नोरीन."
मीही थोडे घेतले होते. किती, ते सांगत नाही.

नऊ जूनला दोन पांढऱ्या व्हॅन आल्या.
दुर्बिणी. तिपाया. लोकरी टोप्या.
बारा माणसं, त्यातली नऊ मांस न खाणारी,
काळे काकाकुवा मोजायला आलेली.
पहाटे साडेचारला न्याहारी मागायची,
एवढं मात्र रिगवाल्यांसारखंच.

निर्णय तीसला आला, संध्याकाळी, बाजार मिटल्यावर.
तांत्रिक फेरआढावा. पुढच्या तिमाहीत कळवू.
सकाळी नऊ दशांश सेंट.

चारला मर्व्ह आला.
नकाशा गुंडाळलेलाच ठेवला, साखर दोनदा घातली.
"किती भरले शेवटी?"
काय?
"काकाकुवा."
दोनशे सदतीस, मी म्हटलं. पण म्हणे, तेच तेच दोनदा मोजले गेले असतील.
त्याने मान हलवली, काट्यावरच्या माणसासारखी,
ट्रकमध्ये ओला गहू असल्याचा संशय आल्यासारखी.

फोन वाजला.
"सप्टेंबरमध्ये खोल्या रिकाम्या आहेत का?"
वही समोरच आहे, कोरी.
मर्व्हने कप खाली ठेवलाय.
थांबा हं, मी म्हणते, बघून सांगते.