धसका

आठवी ब. मोरणेच्या काठची शाळा, तालुका पाटण.
फळ्यावर मी लिहिलं : फिअर.
खाली शब्दकोशातून उतरवून आणलेले त्याचे भाऊबंद,
ड्रेड, फ्राइट, टेरर, पॅनिक.
प्रत्येकापुढं ‘भीती’ लिहीत गेले
आणि चौथ्या भीतीपाशी खडू तुटला.

मागच्या बाकावरून बिरू झोरे म्हणाला,
‘बाई, इंग्रजास्नी एवढं कशाचं भ्या वाटायचं?’
वर्ग हसला. मीही.

मग पॅनिकची गोष्ट सांगितली.
फार जुन्या एका मुलखात मेंढपाळांचा देव होता,
पाय बोकडाचे, डोक्यावर शिंगं.
भर दुपारी रानात तो ओरडला
की कळपच्या कळप उधळायचा, कारण नसताना.
त्याच्याच नावाचा हा शब्द.

बिरू ताठ बसला.
‘कारण नसताना न्हाई, बाई.
शेरडांना आदी कळतं.
भुई हलायच्या आदी दावं तोडत्यात.
बुजली, म्हनतो आमी.’

पॅनिकपुढची भीती मी हातानंच पुसली,
लिहिलं : बुजणे.

मी विट्याकडची.
आमच्याकडं पाऊस नसतो,
पण जमीन जागेवर असते.
इथं रुजू झाले त्याच आठवड्यात
रात्री अडीचला लोखंडी कपाट माझ्याशी बोललं.
मी उशी घेऊन अंगणात,
एका पायात माझी चप्पल, एका पायात घरमालकिणीची.
हौसाबाई दारात उभ्या, पदर सावरत :
‘धक्का व्हता. गेला.’

त्यांच्या फळीवर रोज रात्री स्टीलच्या वाट्यांची उतरंड,
सगळ्यात वर काचेचा पेला, पालथा.
वाट्या किणकिणल्या तर जागं व्हायचं,
पेला पडला तर बाहेर.
‘आणि काहीच वाजलं नाही तर?’
‘मग झोप लागत न्हाई.’

ह्याला काय म्हणतात ते शोधत बसले.
ड्रेड जवळपास येतो, पण त्याला
अजून न आलेलं काहीतरी लागतं.
हौसाबाईंचं तर येऊन गेलेलं आहे,
तेच पुन्हा यायचं आहे,
आणि मधल्या वेळात भाकरी थापायच्या आहेत.

शब्दकोशात बारीक अक्षरांत होतं :
फिअर आधी मनातला नव्हताच.
तो बाहेरचा. अचानक कोसळलेलं संकट,
वाटेवर दबा धरून बसलेलं.
पुढं कधीतरी, दार कुणी उघडं टाकलं कोण जाणे,
आत शिरला
आणि छातीत भाडं न देता राहू लागला.

वाचता वाचता थांबले.
धक्का भिंतीला. धसका माणसाला.
भिंतीतली एक वीट सरकावी
तसं मधलं अक्षर तेवढं सरकलंय.
हे मात्र वर्गात सांगितलं नाही.
ती पोरं सगळी त्या भिंतींच्या आतच झोपतात.

सहामाहीला प्रश्न घातला : फिअर वापरून वाक्य लिहा.
बाकीच्यांनी वाघ लिहिला, साप लिहिला, गणिताचे सर लिहिले.
बिरूनं, स्पेलिंग चुकवत, लिहिलं
की माझ्या शेळीला फिअर येतो आणि ती मला सांगते.
व्याकरणाचा अर्धा गुण कापला.
नंतर पुन्हा दिला.

दोन महिने झाले, जमीन गप्प आहे.
पेपरात काही नाही, पारावर काही नाही.
पाटणच्या बाजारातून मी सहा वाट्या आणल्या,
म्हटलं, पाहुणे येतील.

काल रात्री अडीचला डोळे उघडे.
कपाट गप्प. फळी गप्प.
कुठं काही वाजत नाही, हेच ऐकत पडलेली.
भिंतीपलीकडून हौसाबाई हळूच म्हणाल्या,
‘बाई, जाग्या हायसा?’

‘व्हय,’ मी म्हटलं.