ठोकळा क्रमांक एकतीस

सेनापती बापट रस्त्यावर, चौथ्या मजल्यावर,
मला पगार मिळतो उड्या मारायचा.
बोटभर उंचीचं पोरगं, पाठीवर दप्तर,
मी पळवते, पाडते, परत उभं करते.
काही ठोकळे खालून धडकलं की नाणं देतात,
काही पाय टेकल्यावर अर्ध्या सेकंदात ढासळतात,
काही पाठ फिरवली की सरकतात,
आणि काही नुसतेच असतात, भिंतीतल्या माणसांसारखे.
आज सकाळपासून एकावरच दोनशे चौदा वेळा.
कुठे अडकतो, कुठून आरपार जातो,
कितव्या धडकेला खोटं बोलतो,
ते तक्त्यात भरायचं.

खिडकीतून खाली वडारवाडी दिसते.
आमचा पत्रा निळा, वर दोन टायर.
हे सगळे ठोकळे रचणारा सौमित्र गद्रे
एकदा म्हणाला, इतक्या जवळ राहतेस, मग उशीर कसा?
मध्ये एक रस्ता आहे ओलांडायला,
हे त्याला सांगितलं नाही.

अप्पा चाळीस वर्षं खाणीत. आधी वाघोली, मग मोशी.
गुडघे गेल्यापासून दारात बसून
लोकांच्या पाट्या-वरवंट्यांना टाकी लावतात.
दगडाला आधी विचारायचं, म्हणतात.
सुतकीनं हळूच टिचकी.
टण्ण म्हणाला तर अखंड,
बद्द म्हणाला तर आत शीर आहे.
घण नंतर.

रविवारी त्यांच्या हातात फोन दिला.
"डोक्यानं?
डोक्यानं कोण फोडतं गं दगड?"
पोरगं खड्ड्यात गेलं.
"मेला?"
अजून दोन जीव आहेत, मी म्हटलं.
अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.
"सगळ्यांना तीन?"
सुरुंगाच्या दिवसापासून
भीमाण्णा काकाचं नाव आमच्यात कुणी घेत नाही.
तेव्हाही घेतलं नाही.

मग त्यांना ढकलता येणारा ठोकळा सापडला.
सहावी पातळी, क्रमांक एकतीस.
अंगठ्यानं रेटत रेटत खड्ड्यापाशी नेला, आत सोडला,
वरून पोरगं चालवलं.
आणि पलीकडं पोचल्यावर मागं वळले.
मागं कुणी वळत नाही. दोन वर्षांत मीही कधी वळले नव्हते.
बत्तीस नंबरचा आणला, उरलेली फट बुजवली,
वर उभं राहून पोरग्याला दोनदा उडवून बघितलं.
घड्याळ लाल झालं होतं.
अप्पा, पुढं चला ना, दार तिकडं आहे.
"थांब. मागून येणाऱ्याचा पाय जाईल."

या खेळात मागून कुणी येत नाही.

वेळ संपली. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला,
एकतीस आपल्या जागी,
कोरा, एक ओरखडा नाही.
अप्पा बराच वेळ बघत राहिले.
"माझं काम कुणी काढलं?"

सोमवारी तक्त्यात लिहिलं:
ठोकळा एकतीस. जीव गेला की मूळ जागी परततो.
अपेक्षित: ठेवला तिथेच राहावा.
अकरा मिनिटांत गद्रेचं उत्तर,
हा दोष नाही, खेळ असाच असतो,
पुढे एक हसरा चेहरा. नोंद बंद.
मी उघडली. त्याने बंद केली.
मी परत उघडली आणि डबा खायला गेले.

संध्याकाळी खाली उतरले तर फुटपाथवर
या वर्षातली तिसरी फरसबंदी,
लाल-करडे ठोकळे, फटीतली वाळू अजून ताजी.
कोपऱ्यातला एक डुगडुगत होता.
वाकून किल्लीनं टिचकी मारली.
बद्द.
मागून एक बाई येत होत्या, दोन्ही हातांत पिशव्या.
जपून, मी म्हटलं.
त्यांनी नेमका त्याच्यावरच पाय दिला,
तो जरासा हलला,
आणि त्या माझ्याकडे बघत, न थांबता, पुढे गेल्या.