नावपट्ट्या

कॅम्पात, खानापूर रोडला माझं दुकान.
वर कन्नड पाटी, खाली बारीक मराठी,
आत शिलाई मशीन आणि मी.
पलटणीच्या नावपट्ट्या शिवते.
अक्षरामागे दोन रुपये, जोडाक्षराला तीन.

त्या खेपेला एकेचाळीस होत्या.
भरमू हुंदरे. तोपाण्णा कुगजी.
रवळू मुचंडीकर म्हणाला,
आडनाव जरा आवळून लिव्हा मावशी, छातीत मावंना झालंय.
कुठं जाऊलास रे, विचारलं.
नव्या नंदगडाला, म्हणाला,
जसं कुणी जांबोटीला मध आणायला निघावं.

नवं नंदगड म्हणजे ती वसाहत,
बोट दाखवलं तरी आभाळात काही दिसत नाही, तिथली.
इथूनच गेली होती दोनशे सहा माणसं,
जोंधळ्याचं बियाणं, दोन गायी,
आणि राबायला यंत्रं.
सव्वीस वर्षांमागं आवाज बंद पडला.
शेवटचा निरोप यंत्रांचाच :
सर्व ठीक. येऊ नये.

बारा परत आले.
हवालदार नागोजी अष्टेकर एका हाताने
माझ्या बाकावर टेकला, आणि न विचारता बोलत सुटला.
पहाटे चारला उतरलो.
गल्ल्या झाडलेल्या. दारात सडा.
घरात माणूस नाही, पण तांब्या भरून ठेवलेला,
वर पेला पालथा.
पहिली गोळी आमची, म्हणाला,
आणि पाणी मागितलं.
शस्त्रं नव्हती मावशी त्यांच्याकडं.
विहिरी खणायचे हात.
त्याच हातांनी.
वीस मिनिटं.

भरमू ज्याच्या पायाशी पडला
त्याच्या गुडघ्यावर उद्यमबागच्या भट्टीचा शिक्का होता.
भरमूचा बाप तीस वर्षं तिथं रस ओतायचा.
हे हुंदऱ्यांच्या घरी
नागोजीनं सांगितलं नाही. मीही नाही.

एवढं करून आणली ती एक म्हातारी.
बाळाक्का.
विमानात चढताना ती दोघांना चावली म्हणे.

महिन्याने राकसकोपच्या पाण्यात एक पेटी पडली.
मला साहेबांनी बोलावलं.
टेबलावर एकोणतीस पट्ट्या, घडी घालून,
इस्त्री केल्यासारख्या.
उसवलेल्या होत्या, फाडलेल्या नव्हत्या.
एकही दोरा तुटलेला नाही.
मी जन्मभर शिवण उसवत आले,
मला असं उसवता येत नाही.
रवळूची तेवढी मधोमध चिरलेली,
ती कुणीतरी सांधली होती,
उलट्या टिपेने, आणि शेवटी गाठीऐवजी
फुलीचा बारका टाका.

टाका तुमचा?
नव्हे, साहेब.
मग कुणाचा?
मी म्हटलं, मला चष्मा लागतो.

बाळाक्काला दुपारी माझ्याकडे सोडतात,
मिलिटरी दवाखान्यातला एक शिपाई बाहेर बसतो.
अर्धं कन्नड, अर्धं आपलं, बहुतेक काहीच नाही.
एकदा नुसता झंपर दिला हातात, दुमडायला.
सुई बघून तिची बोटं तरुण झाली.
टीप उलटी.
शेवटी फुली.

मशीनवरचा माझा पाय थांबला.
कुणाला शिकवलंत हे?
पोरांना.
पोरं होती तिथं?
दाताने दोरा तोडला तिने.
मानसं तापानं गेली सगळी. मग ही राह्यली.
शिकवलं की. दुसरं काय करायचं.
अंगात घालायला कुणी नव्हतं,
तरी शिवायची बिचारी.
रात्रभर.

शिपायाने आत डोकावून पाहिलं.
मी मशीन पुन्हा चालू केलं,
सुईखाली कापड नसताना.

काल नवी यादी आली. एकशे बारा नावं.
जोडाक्षरं पुष्कळ आहेत.
हिरवं कापड खडेबाजारातून आणायचं आहे,
काळा दोरा संपत आलाय,
आणि बाळाक्का समोर
सुईत दोरा ओवून बसली आहे.
मी काय शिवायला घेते
एवढंच बघते आहे.