उरलेले डाँग

रावपुऱ्यातल्या तिसऱ्या मजल्यावर
सॅक उलटी केली.
कुबट टॉवेल, एकच चप्पल,
दुसरी हनोईत, नऊ नंबरच्या बंकखाली,
आणि रबरबँडात नोटा.

"लाखाची एक?" अण्णांनी चष्मा शोधला.
सहकारी बँकेच्या खिडकीआड एकतीस वर्षं
मांडवीच्या सराफांचे लाख मोजले त्यांनी
स्पंजाला बोट लावत.
आता स्पंज नाही,
बोट जिभेला गेलं.

प्लास्टिकची नोट. थुंकी धरेना.
निसटली, पुन्हा पहिल्यापासून.

मी आठवडा सांगत सुटले :
आठजणींची खोली, कुणाचं तरी घोरणं,
तळ्याकाठचे म्हातारे, पहाटे व्यायाम करणारे,
भाजीपोळीएवढ्या पैशात रात्र.
एवढंच नाही सांगितलं, की पाचव्या दिवशी
हिशोब चुकला
आणि नुसता भात मागितला तेव्हा
फुटपाथवरच्या थुईबाईनं
लाल स्टुलावर बसवून
वर अंडं फोडलं
आणि पैसे परत सरकवले.

"तीन लाख चाळीस हजार," अण्णा म्हणाले. "आपले?"
"अकराशे होतील."
हसले. मग हसायचे थांबले.

नोटेत एक पारदर्शक चौकट असते.
ती डोळ्याला लावून
त्यांनी गॅलरीतून टॉवर बघितला,
खालचा सेव-उसळवाला बघितला,
बराच वेळ.

"खिडकी ठेवलीय रे यांनी,"
कुणाला म्हणाले कोण जाणे,
"आत बसायला मात्र कुणी नाही."

एक नोट त्यांनी पासबुकात ठेवली.
मी मोजली नाही.